आधी वायर पाहा, मग माणूस

विठ्ठलवाडीला आमच्या आपांचे घर आहे. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, चौथा मजला, लिफ्ट नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही तिथे गेलो. एरवी दारातच हसून स्वागत होते. त्या दिवशी आपा गप्प होत्या, भाची आतल्या खोलीत डोळे पुसत बसली होती आणि भाचा कपाळाला हात लावून कॉम्प्युटरसमोर.

दुलाभाई म्हणाले, "मास्तर, बरं झालं आलात. या नेटनं घरातली शांतता घालवली."

हकीकत अशी. गेल्या रमजानच्या आधी घराला रंग दिला. त्यानंतर भाच्याला घरून काम करण्याची सवलत मिळाली. त्याला दिवसभर मोठमोठ्या फायली पाठवाव्या लागतात. भाची बारावी सायन्सला, तिचे क्लासचे तास रेकॉर्ड केलेले असतात, ते ती रात्री पाहते. दोघांचे भागावे म्हणून दुलाभाईंनी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २००चा घेतला. महिन्याचे पैसे वाढले, पण कॉम्प्युटरवरचा वेग होता तिथेच राहिला. उलट मधूनच तो इतका खाली यायचा की फाईल अर्ध्यावर अडकायची. भाच्याला दोनदा साहेबांची बोलणी खावी लागली.

मग घरात तपास सुरू झाला, तो माणसांचा. भाचा म्हणाला, ही रात्रभर व्हिडिओ पाहते. भाची म्हणाली, हा स्वतःच गेम उतरवून घेतो. दुलाभाईंचा संशय तिसरीकडेच होता. समोरच्या दारातल्या काकूंचा मुलगा दहावीत आहे. काकूंकडे वायफाय नाही, म्हणून आपांनीच त्याला अभ्यासासाठी पासवर्ड दिला होता. "त्यानं सगळ्या बिल्डिंगला वाटला असणार," असे म्हणून दुलाभाईंनी शुक्रवारी पासवर्ड बदलला. शनिवारी मुलगा वही घेऊन आला, "काका, नेट लागत नाहीये," म्हणाला. "आमचंच लागत नाही, तुला कुठून देऊ?" असे उत्तर घेऊन परत गेला.

आपांना खरे दुःख याचे होते. ईदचा शीरखुर्मा काकूंकडे आणि दिवाळीचा फराळ आपांकडे, असे वीस वर्षे चालले आहे. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत. रविवारी सकाळी काकूंनी आपांचा डबा परत केला. धुऊन, पुसून, पण रिकामा. दाराशी ठेवून त्या आत निघून गेल्या.

आम्ही काही इंजिनियर नाही. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची चावी आमच्याकडे असते, त्यामुळे वायरी ओढून, क्लिपा बदलून जे शिकलो तेवढेच आमचे ज्ञान. पण वर्गात एक गोष्ट रोज अनुभवतो. काच फुटली की ज्याच्यावर आधीपासून राग असतो त्याचेच नाव मुले घेतात. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची आणि आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची ताकीद आहे, ती आपण माणसांच्या भांडणांपुरती समजतो. नेटच्या वायरीलाही ती तितकीच लागू पडते, हे त्या दुपारी कळले. म्हणून म्हटले, "दुलाभाई, एक वही आणि पेन द्या. आधी मोजू या."

पहिला घोळ आकड्यांचा निघाला. दुलाभाईंचा मोठा राग असा की, "दोनशेचे पैसे भरतो आणि फाईल उतरवताना कॉम्प्युटर अकरा दाखवतो!" ही चूक घरोघरी होते. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये. फाईल उतरताना कॉम्प्युटर बहुधा मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाईल सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइटने उतरणार, २००ने कधीच नाही. कॉम्प्युटरवरच्या ११ला आठने गुणले की ८८ येतात, पावणेबाराला गुणले की ९४. चोरी १८९ची नव्हती, जेमतेम निम्म्याची होती. तरीही निम्मा वेग गेला कुठे, हा प्रश्न उरलाच.

दुसरे काम म्हणजे घरातले बाकी सगळे थांबवून मोजणे. टीव्ही बंद, फोन बाजूला, कॉम्प्युटरचे अपडेट आणि फोटोंची आपोआप होणारी साठवण बंद. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे वायरीवर, वेग तपासला. आला ९४. पाच मिनिटांनी पुन्हा, ९४. तिसऱ्या वेळी ७. चौथ्या वेळी परत ९४. नंतर भाचीचा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत नेटच्या डब्याजवळ उभे राहिलो आणि वायफायवर तपासले, तर १६०च्या पुढे.

इथे भाचा चमकला. "मामू, वायर तर वायफायपेक्षा फास्ट असते ना?"

असायला हवी. वायफाय हवेतून जाते, भिंती आड येतात, शेजारच्या दहा घरांचे वायफाय त्याच हवेत असते. वायरीला यातले काही नाही. म्हणून वायरीवर वेग कमी आणि वायफायवर जास्त आला, तर दोष बाहेरून येणाऱ्या नेटचा नसून घरातल्या वायरीच्या वाटेवर आहे, असे समजायला हरकत नाही.

खात्रीसाठी भाच्याचा लॅपटॉप थेट डब्याशी नेला, डब्यासोबत आलेली हातभर लांबीची वायर लावली आणि मोजले. १९६. कंपनी सांगितल्याप्रमाणे देत होती. नेटवाला मुलगा महिनाभरात दोनदा येऊन, डब्यापाशी मोजून, "इथपर्यंत बरोबर आहे" असे सांगून गेला होता. घरातल्यांनी त्यालाही टाळणारा ठरवले होते. तो खरे बोलत होता. डब्यापासून टेबलापर्यंतची पंधरा मीटर वायर मात्र कोणीच पाहिली नव्हती.

मग राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. दुलाभाईंनी पासवर्ड बदलण्याआधीची नोंदही त्यात होती. एकूण सात यंत्रे. चार फोन घरचे, एक टीव्ही, एक कॉम्प्युटर. सातवा फोन काकूंच्या मुलाचा. अख्ख्या बिल्डिंगचे नाव तिथे नव्हते. आणि शुक्रवारपासून तोही जोडलेला नव्हता, तरी वायरीवरचा आकडा ९४च. दुलाभाई यादी दोनदा वाचून खुर्चीत मागे टेकले. काही बोलले नाहीत.

आता ९४ या आकड्याविषयी. घरातल्या वायरीवर वेग वारंवार ९४ किंवा ९५लाच अडत असेल, तर तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसच्या जोडणीला दोनच जोड्या लागतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. १००० एमबीपीएसच्या, म्हणजे गिगाबिटच्या जोडणीला चारही जोड्या लागतात. वायर लावली की दोन्ही टोकांची यंत्रे आपसात ठरवतात की कोणत्या वेगाने बोलायचे. चारपैकी एखादी जोडी तुटलेली असेल, तर बहुतेक यंत्रे मुकाट्याने १००वर उतरतात. कुठे तक्रार नाही, लाल दिवा नाही. आणि त्या १००मधले पाचसहा प्रत्येक पाकिटावरचा पत्ता लिहिण्यात आणि दोन पाकिटांमध्ये अंतर ठेवण्यात खर्च होतात, म्हणून हाती येतात ९४.

विठ्ठलवाडीकरांना हे समजावणे सोपे आहे. सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत किमान चार रूळ आहेत, म्हणून फास्ट लोकल वेगळी धावते. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला वळली की दोनच रूळ, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. तीच फास्ट लोकल मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असे प्रत्येक स्टेशन घेते. त्यात मोटरमनचा दोष नसतो. आपांच्या घरात नेट चार रुळांवरून डब्यापर्यंत येत होते आणि पुढे दोनच रूळ शिल्लक होते.

हे पाहण्यासाठी वायर उघडावी लागत नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट', त्यात 'इथरनेट' उघडले की 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो. तिथे १०००/१००० असेल तर चारही जोड्या जोडलेल्या आहेत. आपांच्या कॉम्प्युटरवर १००/१०० होते. जुना प्लॅनच १००चा असल्यामुळे तेव्हाही ९४च मिळत होते आणि ते बरोबर वाटत होते. प्लॅन वाढवला तेव्हा दोष उघडा पडला.

'इथरनेट' या नावाचीही थोडी मजा आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये ही कल्पना टिपणात मांडली. प्रकाश ज्या अदृश्य माध्यमातून जातो असे पूर्वी मानत, त्या 'ईथर'वरून त्यांनी नाव घेतले. उर्दूत त्यालाच आपण 'असीर' म्हणतो, 'से' अक्षराने लिहिलेला. 'सीन'ने लिहिला तर त्याचा अर्थ कैदी होतो. सुरुवातीचा वेग तीन एमबीपीएसलाही थोडा कमीच होता. मेटकाफ यांना या कामासाठी २०२२चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षांत वेग कुठल्या कुठे गेला, पण जोडणी अजूनही त्या बारीक तारांच्या टोकांवरच अवलंबून आहे.

मग आम्ही वायरीच्या वाटेने चालत निघालो. डब्यापाशी क्लिप घट्ट होती. पुढे वायर पट्टीतून जात होती, पण भाचीच्या खोलीच्या दाराशी पट्टी संपली. रंगाच्या वेळी कारागिरांनी पट्टी काढली होती आणि परत लावताना वायर दाराच्या बिजागरीच्या बाजूने चौकटीत घातली होती. दार उघडले-लावले की वायर दाबली जायची. महिनोन्‌महिने दाबून ती तिथे चपटी झाली होती. टेबलाच्या टोकाला क्लिपचा प्लास्टिकचा खटका तुटलेला होता. टेबलाला धक्का लागला, कोणी पाय पसरले, की क्लिप केसभर मागे सरकायची. ९४चे ७ होत होते ते यामुळे. जोडणी पूर्ण तुटत नव्हती, पण मधली पाकिटे गळत होती. गळलेले पाकीट पुन्हा पाठवावे लागते, आणि पाठवणारे यंत्र वाट खराब आहे असे समजून स्वतःच वेग कमी करते.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळावा. आधी टेबलाकडची क्लिप बोटाने दाबून धरली आणि चार वेळा मोजले. चारही वेळा ९४. ७ गायब झाले. म्हणजे चढउतार क्लिपचा. मग ती वायर पूर्ण बाजूला ठेवली, लॅपटॉपची छोटी वायर लावून कॉम्प्युटरचा सीपीयूच उचलून डब्यापाशी नेला. लिंक स्पीड १०००, वेग १९५. म्हणजे कॉम्प्युटर चांगला, डब्याचे तोंड चांगले, दोष फक्त त्या पंधरा मीटरचा. सगळे एकदम बदलले असते तर काम झाले असते, पण काय बिघडले होते ते कळले नसते. दुलाभाई नवीन राउटर घेण्याच्या बेतात होते. तो घेतला असता तरी वेग ९४च राहिला असता. आपल्या दीनमध्ये इसराफ नापसंत आहे, आणि न तपासता केलेला खर्च हा इसराफच.

संध्याकाळी उल्हासनगरच्या बाजारातून वायर आणली. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. वायरीच्या अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेले असावे. घरच्या वेगाला दोन्ही पुरतात. आणि तार पूर्ण तांब्याची असावी. स्वस्त वायरीत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोकाची तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी चमक दिसली, तर ती घेऊ नये. ती लवकर मोडते. लांबीची घरात काळजी नको, शंभर मीटरपर्यंत ही वायर नीट चालते. मात्र विजेच्या वायरीच्या पट्टीतच ती कोंबू नये.

क्लिपा दुकानदारानेच बसवून दिल्या. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा लागतो. आपल्याकडे सहसा पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा लावतात. काही कारागीर वेळ वाचवायला चारच तारा बसवतात. नेट चालू होते, पण १००च्या पुढे जात नाही. क्लिप पारदर्शक असते, आठही तारा टोकापर्यंत पोचल्या आहेत का हे डोळ्यांनी दिसते. वायर, क्लिपा आणि मजुरी मिळून सहाशेच्या आत काम झाले.

मगरिबनंतर नवी वायर दारावरून, चौकटीच्या बाहेरून नेली. लिंक स्पीड १०००. वेग १९५. भाच्याने अडकलेली फाईल पाठवली, ती चहा गार होण्याआधी गेली. त्याने बहिणीच्या खोलीच्या दारावर टकटक केली. आत काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही.

आमच्या वाचकांच्या घरी असे झाले तर क्रम साधा आहे. बिट आणि बाइटचा हिशेब करावा. बाकी यंत्रे थांबवून सकाळी एकदा आणि रात्री दहाच्या सुमारास एकदा मोजावे, आकडे वहीत लिहावेत. मग लॅपटॉप थेट डब्याशी, छोट्या वायरीने. तिथेच वेग कमी असेल, विशेषतः फक्त रात्री कमी होत असेल, तर दोष बाहेरचा. कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि वहीतले आकडे सांगावेत. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, हे सोय म्हणून नव्हे तर नियम म्हणून ठेवलेले आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.

डब्याशी वेग बरोबर असेल तर दोष घरात. लिंक स्पीड पाहा. १०० दिसला तर आधी वायर बदलून पाहा, मग डब्यावरचे दुसरे तोंड. पुष्कळ डब्यांवर एकच तोंड गिगाबिटचे असते, दुसरे १००चे. मधे जुना नेटवर्क स्विच असेल किंवा कॉम्प्युटर फार जुना असेल, तर तोही १००चाच असू शकतो. गच्चीवरून येणाऱ्या वायरीचे सांधे पावसाळ्यात भिजतात, पण ते पाहायला स्वतः गच्चीच्या कडेला जाऊ नये, विजा चमकत असताना तर नाहीच. डब्यात येणारी बारीक फायबरची वायर मुडपू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये.

आणि शेजाऱ्याला नेट देणे मनाला पटत असेल तर राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवता येतो. घरचा पासवर्ड घरात राहतो आणि मनात शंका राहत नाही. त्या रात्री आम्ही तेही करून दिले.

निघताना दुलाभाई चप्पल घालत होते. आम्हाला वाटले, स्टेशनपर्यंत सोडायला येतात. त्यांच्या एका हातात काकूंचा तो डबा होता, आपांनी त्यात दुपारची बिर्याणी भरली होती. काकू शाकाहारी आहेत हे आठवून आपांनी घाईने डबा परत घेतला, धुतला आणि खिरीने भरला. दुसऱ्या हातात नव्या पासवर्डची चिठ्ठी. समोरचे दार दुलाभाईंनी स्वतः वाजवले. मुलानेच उघडले.

"बेटा, चूक माझी होती," ते म्हणाले. "वायर तुटली होती. आई आहे का घरात?"